चवडा मावेना

आमच्या घराण्यात वारसाहक्कानं जमीन आली नाही, सोनं आलं नाही, चवडा मात्र पिढ्यान्‌पिढ्या न चुकता येत राहिला. आजोबा गावात बहुतेक अनवाणीच हिंडायचे. कार्याला जायचं असलं की वहाणा घालायचे, त्याही वेशीपर्यंत हातात. त्या वहाणा करणारा माणूस आधी त्यांचा पाय चामड्यावर ठेवायला लावायचा, भोवती रेघ मारायचा आणि मग कापायचा. साइज वगैरे भानगड नव्हती. वडिलांनी जन्मभर कोल्हापुरी वापरली. ती सुरुवातीला चावते, पण तेल पाजलं की ऐकते. बूट घालायची पाळी घरात पहिल्यांदा माझ्यावर आली आणि शाळेच्या काळ्या बुटातून दर दिवाळीच्या आत करंगळी बाहेर डोकावायला लागली. आई म्हणायची, "बूट टिकवता येत नाही तुला."

चाळिशी उलटली की पुण्यातला माणूस एक तर गुडघ्याच्या डॉक्टरकडे जातो किंवा सायकल घेतो. मी सायकल घेतली. म्हणजे डॉक्टरकडे जाणं टळलं असं नाही, फक्त आधी सायकल घेतली. रविवारी पहाटे सिंहगडाचा पायथा, कधी बोपदेव घाट, हिंमत असेल तर खंबाटकी. फ्लोटर घालून जायचो, मजेत जायचो. मग सायकलवाल्यांच्या ग्रुपवर कुणाचं तरी लक्ष माझ्या पायांकडे गेलं. "अरे, अजून साध्या पेडलवर? क्लीट लाव. आयुष्य बदलेल." आयुष्य बदलेल असं पुण्यात दोनच गोष्टींबद्दल सांगतात, विपश्यना आणि क्लीट. विपश्यनेत दहा दिवस बोलता येत नाही, म्हणून मी क्लीटकडे वळलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सायकलच्या खास बुटाच्या तळाला क्लीट नावाचा तुकडा स्क्रूनं बसवतात. तो पेडलमध्ये खट्‌कन अडकतो आणि टाच बाहेरच्या बाजूला वळवली की सुटतो. कल्पना मुळात बर्फावरच्या स्कीची. 'लूक' नावाची फ्रेंच कंपनी स्कीला बूट अडकवणारे बाइंडिंग करायची, तिनं १९८४ साली ती सायकलच्या पेडलवर आणली आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो त्या पेडलवर टूर द फ्रान्स जिंकला. झालं. तेव्हापासून ज्यांना कात्रजच्या बोगद्यापर्यंत जाऊन चहा प्यायचा आहे तेही इनोच्या पेडलवर जातात. शिमानो या जपानी कंपनीनं १९९० मध्ये एसपीडी नावाची आपली पद्धत काढली. तिची क्लीट लहान, तळव्यात आत बसलेली, त्यामुळे माणूस निदान टपरीपर्यंत माणसासारखा चालू शकतो. आता सिग्नलला टाच वळवायला विसरून सायकलसकट आडवं होणं हा विधी सगळ्यांचाच होतो, त्याचं मी भांडवल करत नाही. माझं दुःख पाय बुटातून निघण्याचं नाहीच. पाय बुटात जाण्याचं आहे.

सायकलींच्या एका झगझगीत दुकानात गेलो. एसी, कॉफीचं मशीन, भिंतीवर माझ्या स्कूटरपेक्षा महाग सायकली. तरतरीत मुलगा पुढे आला.

"सर, साइज?"

"आठ. पण रुंदी जरा..."

"आठ म्हणजे बेचाळीस, सर." तो आत गेलासुद्धा.

खोक्यातून पांढरा शुभ्र इटालियन बूट निघाला. पुढे निमुळता, बाजूला लेसऐवजी फिरवायची डायल. पाय घातला. बोटं गेली, चवडा दाराशी थांबला. मुलानं डायल पूर्ण सोडली, बुटाची जीभ वर ओढली, आणि अरुंद बोळात टेम्पो मागे घेताना क्लीनर देतो तशा आवाजात म्हणाला, "येऊ द्या, येऊ द्या... अजून... येऊ द्या!" शेवटी मी उभा राहिलो, माझं वजन कामाला आलं आणि पाय आत गेला. करंगळी शेजारच्या बोटाखाली गेली, ती तिथेच राहिली.

"कसं वाटतंय, सर?"

"आवळतंय."

"सायकलिंगचा बूट आवळच लागतो. पॉवर ट्रान्स्फर."

दुसरा जोड आला, तो जर्मन. तिसरा आला तोवर मी 'सर'चा 'काका' झालो होतो. "काका, वापरून सैल होईल," त्यानं निकाल दिला.

हे वाक्य मी नंतर इतक्या तोंडून ऐकलं की भारतीय पादत्राण व्यवसायाचं ते ब्रीदवाक्य असावं. चामड्याच्या जमान्यात ते खरंही होतं. चामडं घाम पितं, ताणतं, पायाचा आकार घेतं. पण सायकलच्या आधुनिक बुटाचा वरचा भाग सिंथेटिक आणि तळ नायलॉनचा किंवा कार्बनचा. तो वाकू नये म्हणूनच तर त्याचे पैसे घेतात. पायाचा सगळा जोर पेडलमध्ये जावा, तळ वाकण्यात वाया जाऊ नये, हा हिशोब. असा बूट सैल होत नाही. तो तसाच राहतो आणि पाय बदलायची वाट बघतो.

तरी मी तो घेतला. आवळ बुटातलं दुःख टप्प्याटप्प्यानं येतं. स्वारगेटपर्यंत आपण इनो असतो. कात्रजच्या चढाला चवड्याखाली एक बिंदू तापायला लागतो. खेड शिवापूरपर्यंत त्या बिंदूचा निखारा होतो, मग करंगळीला मुंग्या येतात, मग करंगळी नाहीच. चवड्याच्या हाडांमधून बोटांकडे नसा जातात, त्या दोन्ही बाजूंनी दाबल्या की असं होतं. त्यात दोनतीन तास पायडल मारल्यावर पाऊल सुजतं, म्हणजे सकाळी जेमतेम बसलेला बूट दहा वाजता एक माप लहान झालेला असतो. ढाब्यावर बाकावर बसून बूट काढला. मोजा काढला. करंगळी पांढरी, चपटी, एका बाजूला बुटाच्या शिवणीची नक्षी टाक्यांसकट उठलेली. बाजूच्या टेबलावरच्या आजोबांनी मिसळ खाता खाता बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "भाजलं का?"

दुसरा सल्ला, "एक नंबर मोठा घे." हा देणारा माणूस प्रेमळ असतो, पण भूमितीत कच्चा. नंबर वाढला की बूट मुख्यतः लांबीला वाढतो, रुंदीला गुंजभर. मी त्रेचाळीस घालून पाहिला, चव्वेचाळीस घालून पाहिला. चव्वेचाळीसमध्ये चवडा मावला, पण पुढे अंगठ्याला वन बीएचके रिकामा, मागे टाच प्रत्येक फेरीला वर येणार, आणि क्लीटची भोकं चवड्याखाली यायची ती बोटांकडे सरकलेली. गुडघ्याचा डॉक्टर टाळायला सायकल घेतली होती हे तेव्हा आठवलं.

मुळात नंबर ही चीजच लांबीची आहे. इंग्रजांचा एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, जवाच्या दाण्यावरून आलेलं माप. युरोपातला एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर. जगभरच्या शहाण्या माणसांनी जव मोजले, सेंटिमीटरचे तुकडे केले, पण सगळे अंगठा ते टाच याच रस्त्यानं गेले. आडवं कुणी फिरकलंच नाही. अमेरिकेत तरी रुंदीला अक्षरं आहेत. पुरुषांचा डी म्हणजे साधारण, मग ई, दोन ई, तीन ई. तिथल्या ब्रॅनॉक नावाच्या माणसानं १९२०च्या दशकात पायाची लांबी आणि रुंदी दोन्ही मोजणारं उपकरण काढलं, ते तिकडे अजून चालतं. इकडे मी बूटवाल्याला "ई आहे का?" विचारलं, तर तो म्हणाला, "ई-कॉमर्सवर बघा."

म्हणून घरीच मोजायचं ठरवलं. माप संध्याकाळी घ्यायचं, कारण दिवसभरात पाय पसरतो. जाड कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवायचा, मोजा घालून त्यावर दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून उभं राहायचं आणि दुसऱ्यानं पेन्सिल सरळ धरून रेघ मारायची. दुसरं माणूस म्हणजे बायको. तिनं रेघ मारली, तळव्याला गुदगुल्या होऊन मी हललो, तिनं परत मारली. लांबी सव्वीस सेंटिमीटर, चवड्याची रुंदी अकराच्या किंचित वर. मग बुटातला इनसोल काढून त्यावर उभा राहिलो. ही सगळ्यांत खरी परीक्षा, दुकानातही करता येते. पाय इनसोलच्या दोन्ही बाजूंनी बाहेर सांडला होता. ती शांतपणे म्हणाली, "हा बूट तुझा नाहीच आहे रे." इतक्या महिन्यांत एवढं स्पष्ट कुणीच बोललं नव्हतं, आणि तिनं तर बिलही पाहिलं नव्हतं.

शेवटचा उपाय म्हणून पेठेतल्या एका म्हाताऱ्या मोचीकाकांकडे गेलो. म्हटलं, फर्म्यावर चढवून रुंद करून द्या. त्यांनी बूट उलटा केला, तळावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, बाजूचं कापड चिमटीत धरून ओढलं. "साहेब, याला फर्मा घातला तर फर्मा मोडंल." बूट परत दिला. मग म्हणाले, "पाय बघू." मी चप्पल काढून पाय पुढे केला. त्यांनी चष्मा वर सरकवून चवडा दोन्ही हातांत धरला, अंगठ्याच्या सांध्यावर दाबलं, करंगळीच्या बाजूला नव्यानं आलेली भोवरी चाचपली. "पाय चांगला आहे. पसरट आहे, पण चांगला आहे." कार्बन आणि पॉवर ट्रान्स्फरच्या दुनियेत हा पहिला माणूस, ज्यानं बुटाच्या आधी पाय पाहिला. पैसे घेतले नाहीत. मी बळंच चपलेला टाके मारून घेतले.

त्याच सुमारास पेपरात वाचलं की चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या लाखाहून अधिक लोकांचे पाय थ्रीडी स्कॅनरनं मोजले. निष्कर्ष असा, की भारतीयांचे पाय सर्वसाधारणपणे युरोपीय-अमेरिकी पायांपेक्षा रुंद असतात, म्हणून लोक लांबीला मोठे बूट घेतात आणि लेस आवळून दिवस काढतात. त्यासाठी आपली स्वतंत्र मापं सुचवली गेली, त्यांना नाव 'भा', भारताचं. बातमी मी ग्रुपवर टाकली, खाली लिहिलं, "दोष माझा नाही, साहेबाच्या मापाचा आहे." त्यावर चार अंगठे आले. सगळे निमुळते.

'भा'ची सायकलची पादत्राणं येईपर्यंत काय करायचं? रुंद बूट जगात आहेत. शिमानोच्या काही मॉडेलांत वाइड असतो, सिडीचा 'मेगा' असतो, 'लेक' नावाच्या कंपनीच्या बुटांत तर रुंदीचे बरेच पर्याय. फक्त ते आपल्याकडच्या फळीवर नसतात. मागवायचे, कस्टम भरायचं आणि नाही बसले तर देवाचं नाव घ्यायचं. बॉन्ट ही ऑस्ट्रेलियन कंपनी असे बूट करते, की ते ओव्हनमध्ये तापवून पायाच्या आकाराचे करून घेता येतात. सत्तर अंश सेल्सियस, वीस मिनिटं. मी हे घरी उत्साहानं वाचून दाखवलं. आई हातातली जपमाळ थांबवून म्हणाली, "त्या ओव्हनमध्ये नानकटाई होते." विषय तिथेच संपला. आमच्याकडे नानकटाईपुढे ऑस्ट्रेलियाचं काही चालत नाही.

मार्ग निघाला तो सँडलचा. शिमानो एसपीडी सँडलही काढते, तळाला क्लीट, वर नुसते पट्टे, हे मला माहीतच नव्हतं. जर्मनीतून येणाऱ्या भाच्याला सांगितलं. एरवी आम्ही त्याच्या बॅगेत चकल्या कोंबतो, या वेळी त्याच्या बॅगेतून मामाच्या चपला निघाल्या. पट्टे पूर्ण सोडले, पाय घातला. चवडा बाजूनं थोडा बाहेर आला आणि त्याला कुणी अडवलं नाही. करंगळी वाऱ्याला लागली. खंबाटकी चढून वर गेलो तरी दहाच्या दहा बोटं हजर.

ग्रुपला ते पाहवलं नाही. "सँडल? आणि एरोडायनॅमिक्स?" हा प्रश्न विचारणाऱ्याचं पोट हँडलला टेकतं. बीआरएम म्हणजे ठरल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, तिथे दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत करायचे असतात. हेल्मेट बघतात, दिवे बघतात, पायात काय आहे ते कुणी बघत नाही. पावसाळ्यात तर यांच्या बुटांत तळं साचतं, माझ्याकडे पाणी वरून येतं, खालून जातं. ढाब्यावर ते वर्तमानपत्राचे बोळे मागतात आणि मी चहा मागतो.

एकच भानगड झाली. उन्हानं पाय रापला, पट्ट्यांखालचा मात्र गोरा राहिला. पावलांवर तीन आडवे पांढरे पट्टे उमटले. परवा मावशीकडे सत्यनारायण होता. मांडी घालून बसलो तर पट्टे थेट लोकांच्या नजरेसमोर. कथेच्या तिसऱ्या अध्यायात मावशीचं लक्ष गेलं. प्रसाद देताना तिनं हळूच विचारलं, "पायाला काय झालं रे? त्वचेच्या डॉक्टरला दाखवलंस का?"

"सँडलचे पट्टे आहेत मावशी. सायकलचा बूट चवड्यात बसत नाही ना."

"एवढंच ना?" तिनं द्रोणात आणखी एक चमचा शिरा घातला. "मग एक नंबर मोठा घे. होतो सैल वापरून."