बिलं कोण करणार?

गेल्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर परत तोच वाद पेटला. भाच्याला डिसलेक्सियाचं, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातल्या अडचणीचं, सर्टिफिकेट मिळालं, दहावीला जादा वेळ मिळणार, म्हणून ताईनं आनंदानं टाकलं, तर अर्ध्या तासात एका काकांचा मेसेज, आमच्या वेळी असलं काही नव्हतं, दोन धपाटे घातले की सगळं सुटायचं. त्यावर पुण्यातल्या चुलतभावानं, हा कुठंतरी एचआरला आहे, भलामोठा फॉरवर्ड टाकला की असा मेंदू म्हणजे सुपरपॉवर, बघा व्हर्जिन कंपनीवाला रिचर्ड ब्रॅन्सन, बघा फर्निचरच्या आयकियावाला, दोघांनाही डिसलेक्सिया. आणि मग दोघांनी मलाच टॅग केलं, तू सांग, तिकडं कसं असतं?

तर सांगते. मी इंग्लंडमध्ये, शेफील्डला, लिनोकट प्रिंट, म्हणजे लिनोच्या तुकड्यावर कोरून कागदावर छापलेली चित्रं, करून विकते, जास्त करून देवनागरी अक्षरांचे. स्टुडिओ म्हणजे जुन्या कारखान्यातली एक खोली, हाताचा एक प्रेस आणि प्रिंट वाळत घालायला दोऱ्या नि चिमटे. अडतिसाव्या वर्षी मला एडीएचडीचं निदान झालं, म्हणजे लक्ष हवं तिथं, हवं तेव्हा न लागणारा मेंदू. लिनोवर अक्षर उलटं कोरावं लागतं, आणि उलटा ळ कोरताना माझे सहा तास कुठं जातात कळत नाही, जेवण राहतं, फोन ऐकू येत नाही. आणि त्याच मला, झालेल्या कामाचं बिल पाठवायला, जे दहा मिनिटांचं काम आहे, चार महिने लागतात. आळस नाही ओ. लॅपटॉप उघडते, मागच्या बिलाचा नंबर काय होता बघायला जुना फोल्डर उघडते, त्यात एक अर्धवट स्केच दिसतं, आणि संध्याकाळी नवं डिझाइन तयार असतं, बिल तसंच.

इथं टॅक्स रिटर्नची शेवटची तारीख ३१ जानेवारी. एक दिवस उशीर झाला तरी १०० पाऊंड दंड, टॅक्स शून्य निघत असला तरीही. मी तीन वेळा भरलाय. पैसे होते, आकडेही होते, फक्त पाकीट फोडलं नव्हतं. आता एप्रिल २०२६ पासून ५० हजार पाऊंडांच्या वर धंदा असलेल्यांना दर तीन महिन्याला हिशोब पाठवायचाय, आणि ही मर्यादा २०२८ पर्यंत २० हजारावर येणार, म्हणजे माझ्यापर्यंत. वर्षातून एकदा जमत नाही म्हणून चारदा करा, असा प्रकार.

सुपरपॉवरवाल्या भावाला एवढंच म्हणणं आहे की ब्रॅन्सन स्वतःच सांगतो, पन्नाशीपर्यंत त्याला नेट आणि ग्रॉसमधला, म्हणजे खर्च वजा जाता उरलेल्या आणि एकूण पैशातला, फरक कळत नव्हता, शेवटी कुणीतरी मासे आणि जाळ्याचं (इंग्रजीत जाळंही 'नेट'च) चित्र काढून समजावलं. पण तोपर्यंत नेट-ग्रॉस बघायला माणसं होतीच की त्याच्याकडं! ती फॉरवर्डमध्ये कधी दिसत नाहीत. आयकिया काढणाऱ्या कांप्राडचं मात्र मी उचललंय. त्याला कोड नंबर लक्षात राहायचे नाहीत म्हणून फर्निचरला नावं दिली, तशी माझ्या प्रिंटना नावं आहेत, ठेचा, भरीत, पिठलं. परवा एक आजोबा येऊन म्हणाले, दोन ठेचा द्या, फ्रेम करून.

इथं 'ॲक्सेस टू वर्क' नावाची सरकारी योजना आहे, स्वतःचा धंदा असलेल्यालाही मिळते. त्यातून आठवड्याला चार तास एक बाई माझ्याकडं येते. ती बिलं करून देत नाही, माझ्या शेजारी बसते, मी बिलं करते. बास, एवढंच. कुणी शेजारी बसलं की माझ्याकडून होतं. पण ही मदत मिळवायला जो फॉर्म, जे फोन, जी कागदपत्रं लागतात ती नेमकी त्याच माणसाला न जमणारी असतात, आणि वेटिंग महिनोन्महिने. ग्रुपवर सगळ्यांना वाटतं इथं सरकार दारात येऊन विचारतं, बाई तुला काय हवंय.

आणि काकांचं 'आमच्या वेळी नव्हतं'. काका, होतं. गावभागातला आमचा छापखाना आठवा. बाबा दिवसभर अक्षरांचे खिळे जुळवण्यात नाहीतर ट्रेडल छपाई मशीनवर, एकेका लग्नपत्रिकेचा गणपती मनासारखा येईपर्यंत मशीन सोडायचे नाहीत, आणि उधारी किती, कागदवाल्याचे किती द्यायचे, विचारलं की डोकं खाजवायचे. त्यांना कुठलं लेबल लावायला मी डॉक्टर नाही. पण रात्री भांडी आवरून आई लाल वही घेऊन बसायची, बाबांना समोर बसवायची आणि एकेक नाव वाचायची. तीस वर्षं. बोर्डावर 'आणि सन्स' होतं, सन तर आमच्यात एकही नव्हता.

गिऱ्हाईकही तिथलं बरं होतं एका अर्थानं. येऊन दारातच उभं राहायचं, पत्रिका झाल्याशिवाय हलायचं नाही, त्याला चहा द्यावा लागायचा. इथलं गिऱ्हाईक 'सहजच विचारतेय, घाई नाही' असा ईमेल करतं आणि तो ईमेल मला तीन आठवड्यांनी दिसतो.

म्हणून मला ग्रुपवरचे दोन्ही पक्ष चुकीच्या गोष्टीवर भांडताना दिसतात. हे खरं आहे का नाटक, शाप आहे का वरदान, ह्यापेक्षा वही कोण धरतं ते विचारा. भारतात २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, शिकण्यातल्या अडचणी आहेत, एडीएचडी वेगळा धरलेला नाही, आणि कायद्यातलं आरक्षण वगैरे मिळवायला ४० टक्के अपंगत्व दाखवावं लागतं. भाच्याला दहावीला जादा वेळ मिळेल, छानच. उद्या त्यानं स्वतःचं ॲनिमेशनचं दुकान थाटलं की जीएसटी रिटर्नच्या तारखेला जादा वेळ कोण देणार? तेव्हा कुणीतरी बायको, बहीण, आई रात्रीची बसेल आणि घरातले म्हणतील, पोरगा कलाकार आहे हो, व्यवहारात जरा कच्चा. बायकोच अशी असली तर काय म्हणतील ते मला नीट माहितीय, मी ऐकून घेतलंय.

रविवारी आईला फोनवर ही शेजारी बसणारी बाई समजावून सांगत होते. तिला पहिल्यांदा वाटलं कामाला बाई ठेवली. मग म्हणाली, "नुसती बसती? आणि सरकार पैसे देतं?" तासाचे किती, ते विचारलं. मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प, बहुतेक गुणाकार चालला असावा.

"अगं मग माझं बिल कुठं पाठवायचं?"

पाठव इकडंच म्हटलं, मीच करते. ती हसली, "तू? म्हणजे पुढच्या दिवाळीला." आणि मग ९५ साली पत्रिका नेलेल्या एकाचे साडेचारशे अजून यायचेत ते सुरू झालं, नाव, गल्ली, मुलगी कुठं दिली सगळ्यासकट.