सांभाळणाऱ्याच्या सहीला वजन हवे

दुसऱ्याचे मूल आपल्या घरी वाढवणाऱ्यांचे आपण तोंडभरून कौतुक करतो. पण कायद्याने त्यांच्या हाती नेमके काय दिले आहे, हे क्वचितच विचारतो. दत्तक घेणारे कायद्याने पूर्ण अर्थाने आईवडील होतात. फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे प्रतिपालक कुटुंबात, तसे नसते. मूल त्या घरात जेवते, आजारी पडते, रात्री दचकून उठते, परंतु त्याचे कायदेशीर पालकत्व जन्मदात्यांकडे किंवा बालकल्याण यंत्रणेकडे राहते.

यामागे सबळ कारण आहे. ही व्यवस्था मुळात तात्पुरती असते आणि घरची घडी नीट बसली की मुलाने आपल्या आईवडिलांकडे परतावे, हाच तिचा पहिला हेतू असतो. पर्यायी संगोपनाविषयी संयुक्त राष्ट्रांनी २००९ साली स्वीकारलेली मार्गदर्शक तत्त्वे तर स्पष्टच सांगतात की केवळ गरिबीमुळे मूल आईवडिलांपासून दूर करू नये. हे मला पूर्ण मान्य आहे.

अडचण येते ती रोजच्या जगण्यात. शाळेच्या सहलीचा फॉर्म घरी येतो, खाली ‘पालकांची सही’ असे लिहिलेले असते आणि ज्या बाईने सकाळी त्या मुलाचा डबा भरला, तिची सही तिथे चालत नाही. अर्ज कार्यालयात जातो, संबंधित अधिकारी रजेवर असतात, सहल निघून जाते. आपण इतरांसारखे नाही, हे मुलाला वर्गासमोर कळते. अमेरिकेने २०१४ च्या कायद्याने सहली, खेळ, मित्राकडचा मुक्काम यांसारखे निर्णय समंजस पालकाप्रमाणे घेण्याची मुभा सांभाळणाऱ्यांना दिली; अशी तरतूद सर्वत्र असायला हवी.

अधिकार दिले की गैरवापर होईल, ही भीती निराधार नाही. इंग्लंडमध्ये १९४५ साली डेनिस ओ’नील हा बारा वर्षांचा मुलगा प्रतिपालकांच्या घरी छळामुळे मरण पावला आणि सरकारी देखरेख किती ढिसाळ होती, ते चौकशीत उघड झाले. म्हणून घरभेटी हव्यात, मुलाशी एकांतात बोलणे हवे, त्यात तडजोड नको. मात्र सहलीची परवानगी अडवून ठेवल्याने कोणत्याही मुलाचे संरक्षण होत नाही.

परतीची वाट खरोखरच बंद झालेली असेल, तर मुलाला वर्षानुवर्षे अधांतरी ठेवणे मला अन्यायाचे वाटते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ च्या अखेरीपासून ‘विशेष पालकत्व’ अमलात आहे: जन्मदात्यांशी असलेले कायदेशीर नाते तुटत नाही, पण वाढवण्याचे बहुतेक निर्णय सांभाळणाऱ्यांच्या हाती येतात. मोठ्या झालेल्या, आपली आई आठवणाऱ्या मुलासाठी हा मार्ग अनेकदा दत्तकापेक्षा रास्त ठरतो.

आणि मूल त्या घरातून हलवण्याचा निर्णय व्हायचा असेल, तेव्हा सुनावणीत मुलाचे म्हणणे आधी ऐकले जावे आणि त्याला सांभाळणाऱ्यांनाही बोलण्याचा हक्क असावा. त्याला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे आणि कुणाची भेट झाल्यावर त्याची झोप उडते, हे त्यांच्याइतके कोणत्याही अहवालात सापडणार नाही.