‘काही ना काही केलंच असन’ : एका फॉरवर्डला उत्तर

गणपतीत एका गावच्या वक्तृत्व स्पर्धेत अकरावीतल्या एका पोरीने पारधी बेड्यावरच्या, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरच्या, माणसाची गोष्ट सांगितली. चोरीच्या संशयावरून आत गेलेला, जामिनाविना तिथेच राहिलेला. तिचा पहिला नंबर आला आणि आमच्याकडच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागला. त्याचं म्हणणं असं : गोष्टी सांगून गुन्हेगाराला बिचारा ठरवू नका, पोलीस उगाच कोणाला नेत नाहीत, कायदा सगळ्यांना सारखा आहे, कोर्टात गोष्ट नाही, पुरावा चालतो, गोष्ट माणसं भडकवते, आणि ज्याचं नुकसान झालं त्याचं काय?

‘काही ना काही केलंच असन, त्याशिवाय पोलीस कायले नेतीन?’ हे पारावरचं जुनंच वाक्य. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती, त्यांतले 4,34,302 कच्चे कैदी. चारांतल्या तिघांचा गुन्हा कोर्टात ठरायचाच होता. त्यात पारध्यांचं दुखणं वेगळं. जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा 1871 चा कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण गावात चोरी झाली की पहिला संशय अजून बेड्यावरच जातो.

कायदा सारखा आहे, मान्य. जामीनदार सारखे नाहीत. न्यायाधीश साहेबांनी जामीन मंजूर केला तरी सातबारा किंवा ऐपतीचा दाखला घेऊन उभा राहणारा माणूस लागतो. बेड्यावर कोणाच्या नावाने सातबारा असतो? दोन एकरवाला शेतकरीही दुसऱ्यासाठी आपला उतारा कोर्टात द्यायला कचरतो, आणि त्याला दोष देता येत नाही. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही, तर आरोपीला गरीब धरून त्याच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडावं, असं कायदाच सांगतो. कोठडीतल्या कोणालाही, त्याची कमाई न विचारता, सरकारी खर्चाने वकील मिळतो. या दोन गोष्टी त्या पोरीने सांगितल्या असत्या तर भाषण आणखी कामाचं झालं असतं.

आता ‘कोर्टात गोष्ट चालत नाही’. अहो, फिर्याद म्हणजे काय? दोषारोपपत्र म्हणजे काय? अमुक रात्री अमुक माणूस अमुक ठिकाणी आला, ही गोष्टच. फरक एवढाच की ती आधी पोलीस सांगतात, दुसऱ्या दिवशी पेपर ‘टोळी जेरबंद’ म्हणून छापतो, आणि आरोपीची पाळी येईस्तोवर गावाचा निकाल लागून गेलेला असतो.

आपल्याच गडचिरोलीतल्या वडसा-देसाईगंजचं 1972 चं प्रकरण घ्या. ठाण्यात आणलेल्या आदिवासी मजूर मुलीवर तिथल्याच पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघांना दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये सोडून दिलं, कारण अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही. 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. निकालपत्रातल्याच घटना घेऊन त्यांनी विचारलं, की रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात अडकलेल्या गरीब मुलीची ‘संमती’ कसली? त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात बाई ‘संमती नव्हती’ म्हणाली, तर कोर्टाने तसंच गृहीत धरायचं.

गोष्ट माणसं भडकवते, हा मजकुराचा मुद्दा मात्र मला पटतो. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवर 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेकरी भटक्या समाजातले पाच जण जमावाने ठेचून मारले. तीही गोष्टच होती, मोबाइलवरून आलेली, कोणीच न तपासलेली. म्हणून वक्त्याला विचारावं, की तुझी गोष्ट कोणत्या कागदावर टेकते? ब्रायन स्टीव्हन्सन या अमेरिकन वकिलाने टेड या व्याख्यानमालेतल्या 2012 च्या भाषणात आजीची आठवण रंगवून सांगितली, पण तिथल्या तुरुंगांत 1972 मध्ये 3 लाख माणसं होती, ती तोवर 23 लाख झाली, हेही त्याच भाषणात सांगितलं. आपल्याकडे गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांनाच प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. पोरींना ती रीत शिकवा, तोंड बंद करायला नको.

राहिला ज्याचं नुकसान झालं त्याचा प्रश्न. नाशिकजवळ 2003 मध्ये एका घरातल्या पाच जणांचा खून झाला. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली आणि 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंतून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्या चौघांचा तपास पोलिसांनी पुढे नेलाच नाही. चुकीचा माणूस धरला, तर ज्याचं नुकसान झालं त्यालाही न्याय मिळत नाही.