‘मराठी मीडियमला ७ बँड पडत नाहीत’ हा फॉरवर्ड प्लीज पुढे पाठवू नका

या आठवड्यात एकच फॉरवर्ड मला चार ठिकाणांहून आला. आमच्या नर्सिंगच्या जीएनएम कोर्सच्या बॅचचा ग्रुप, गावाकडचा ग्रुप, मामेभावाने वेगळा पाठवला, आणि शेवटी एका ज्युनियर मुलीने, जी उदगीरला एका हॉस्पिटलात नाईट करते आणि गेले पाच महिने ड्युटी सांभाळून आयईएलटीएसचा, म्हणजे परदेशी जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेचा, अभ्यास करतेय. तिने खाली एवढंच लिहिलं होतं, ताई हे खरं आहे का, मग मी सोडून देऊ का. ते "सोडून देऊ का" वाचून रात्री झोप लागली नाही मला, म्हणून लिहायला बसले.

ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फॉरवर्ड म्हणतो की मराठी मीडियमवाल्यांना ६ च्या वर बँड (आयईएलटीएसचे गुण, ९ पैकी) पडत नाही. ब्रिटिश अ‍ॅक्सेंट काढल्याशिवाय स्पीकिंगला मार्क नाहीत. पन्नास निबंध पाठ करा आणि जड जड शब्द घाला, जितकं लांब लिहाल तितकं चांगलं. रीडिंगमध्ये पॅसेज वाचायचाच नाही, फक्त कीवर्ड शोधायचा. परीक्षकाला आवडेल तेच मत मांडायचं. परीक्षा घेणाऱ्या दोन संस्थांपैकी आयडीपीवाले कडक तपासतात, ब्रिटिश कौन्सिलकडून द्या. आणि सगळ्यात शेवटी, ३० दिवसांत ७ बँडची गॅरंटी, खाली फोन नंबर.

मी लातूर जिल्ह्यातली, पहिली ते दहावी मराठी शाळा, पहिली चार वर्षं तर झेडपीची. आज इंग्लंडात मेडिकल वॉर्डला नर्स आहे. इथे नर्स म्हणून नोंदणी करायची तर एनएमसीला (इथली नर्सेसची नोंदणी करणारी संस्था) आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिकमध्ये लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग तिन्हीत ७ आणि रायटिंगला ६.५ लागतात. २०१८ च्या डिसेंबरआधी रायटिंगलाही ७ च लागायचे. माझं पहिल्या वेळी राहिलं, दुसऱ्या वेळी झालं, आणि पहिल्या वेळी का राहिलं ते या फॉरवर्डशी जवळून संबंधित आहे, ते पुढे सांगते.

तर पहिला मुद्दा, मराठी मीडियम. लिसनिंगला ४० प्रश्न, रीडिंगला ४० प्रश्न, उत्तर बरोबर आलं की एक मार्क, चुकलं तर कापत नाहीत. साधारण ३० बरोबर आले की ७ बँडच्या आसपास जातं, दोन्हीकडे. (जनरल ट्रेनिंग हा आयईएलटीएसचा दुसरा प्रकार, त्यात रीडिंगला ३४ च्या आसपास लागतात, ते वेगळं.) आता मला सांगा यात शाळा कुठे आली? रायटिंगचा पेपर तपासणाऱ्याला तुम्ही झेडपीत शिकलात की कॉन्व्हेंटात हे माहितच नसतं, तो समोरचे दोन उत्तरं बघतो आणि ठरलेल्या चार निकषांवर बँड देतो, आणि ते निकष लपवलेले नाहीत, कुणालाही फुकट डाउनलोड करून वाचता येतात. क्लासला पैसे भरायच्या आधी ते दोन पानं वाचा असं मी प्रत्येकाला सांगते.

पण हेही खरं आहे की आपल्याला जास्त वेळ लागतो आणि का लागतो ते माहीत असलं की अर्धी भीती जाते. आपल्याला इंग्रजी वाचता येतं पण स्पीड नसतो, साठ मिनिटांत तीन मोठे पॅसेज आणि ४० उत्तरं म्हणजे दम लागतो. कानाला सवय नसते, लिसनिंगमध्ये ऑडिओ एकदाच वाजतो आणि त्यात ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन सगळे आवाज येतात. आणि लिहिताना आपली मराठी मध्ये येते. मराठीत अ, अ‍ॅन, द असला प्रकारच नाही, त्यामुळे आपण एकतर ते विसरतो नाहीतर दिसेल तिथे द टाकतो. ही, शी च्या पुढच्या क्रियापदाचा एस गळतो, आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स असं आपण बिनधास्त बोलतो. हे सगळं दुरुस्त होतं. मी एक वही केली होती, फक्त माझ्या स्वतःच्या चुकांची, रोज निबंध तपासला की त्यातल्या चुका त्यात उतरायच्या, महिनाभराने बघितलं तर त्याच सहा-सात चुका परत परत होत्या. सहा-सात! मला वाटत होतं माझं इंग्रजीच कच्चं आहे, आणि निघाल्या मोजून सहा-सात सवयी.

अ‍ॅक्सेंटचं बोलू. यावरून पोरं इतकी घाबरलेली असतात की आरशासमोर उभं राहून ओठ गोल करून बोलायची प्रॅक्टिस करतात आणि मग परीक्षकासमोर ना धड इंग्लिश ना धड आपलं असं काहीतरी बाहेर येतं. स्पीकिंगचे चार निकष आहेत, बोलण्याचा ओघ आणि सुसंगतपणा, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार, चारही सारख्या वजनाचे. म्हणजे उच्चार पाव हिस्सा. आणि त्या पाव हिश्श्यात सुद्धा बघतात काय, तर समोरच्याला तुमचं बोलणं कष्ट न करता कळतंय का. वरच्या बँडच्या वर्णनातसुद्धा मातृभाषेची छाप चालते, फक्त तिच्यामुळे समजायला अडचण येता कामा नये. माझ्या वॉर्डात केरळच्या, फिलिपिन्सच्या, नायजेरियाच्या सिस्टर आहेत, प्रत्येकीचा सूर वेगळा, कुणीही ब्रिटिश बोलत नाही, आणि सगळ्या ही नाहीतर ओईटी (आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा) पास होऊनच आलेल्या आहेत.

मग उच्चाराचं काही करायचंच नाही का? करायचं, पण नेमकं. आपल्याकडे व एकच, इंग्रजीत दोन, त्यामुळे व्हेट आणि वेट आपल्या तोंडून एकच येतात. ऱ्हस्व-दीर्घ आपण मराठीत लिहिताना जसं चुकतो तसं बोलताना पण, शिप आणि शीप, फिल आणि फील. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, जोर. आपण शब्दाची सगळी अक्षरं एका वजनात बोलतो, इंग्रजीत एका अक्षरावर जोर येतो आणि बाकीची दबतात, तो जोर भलत्या जागी पडला की शब्द बरोबर असून समोरच्याला कळत नाही. मोबाईलवर दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड करायचं आणि दुसऱ्या दिवशी ऐकायचं, लगेच ऐकायचं नाही कारण लगेच ऐकलं की आपल्याला काय म्हणायचं होतं ते लक्षात असतं. दुसऱ्या दिवशी जे आपल्यालाच कळत नाही ते परीक्षकाला कसं कळेल.

आता पाठांतर. हा मुद्दा सगळ्यात घातक आहे आणि इथेच माझी पहिली फी बुडाली. २०२१ मध्ये मी ज्या क्लासला जात होते तिथे निबंधांची झेरॉक्स मिळायची, पर्यावरण, टेक्नॉलॉजी, शिक्षण, आरोग्य, विषयवार. सुरुवातीची चार वाक्यं सगळ्यांची सारखी, आजच्या या आधुनिक युगात वगैरे, इंग्रजीत. मी नाईटला ट्रॉलीवर कागद ठेवून ते पाठ केलंय. पेपरला विषय आला, ओळखीचा वाटला, आनंद झाला, सगळं उतरवलं. रिझल्ट आला, लिसनिंग ७.५, रीडिंग ७, स्पीकिंग ७, रायटिंग ६. ओव्हरऑल ७ दिसत होतं, घरच्यांनी पेढे आणले, आणि मला कळत होतं की याचा एनएमसीला काही उपयोग नाही कारण तिथे प्रत्येक भागाचं वेगळं बघतात.

चुकलं काय होतं? प्रश्नात दोन गोष्टी विचारल्या होत्या, असं का होतंय आणि त्यावर उपाय काय. माझ्या पाठ केलेल्या निबंधात विषय तोच होता पण तो फायदे-तोट्यांचा होता. म्हणजे मी २९० शब्द लिहिले आणि विचारलेल्यातलं निम्मंसुद्धा सांगितलं नाही. रायटिंगचा पहिला निकषच हा आहे की जे विचारलंय त्याचं उत्तर दिलंय का. दुसरा, विचार एकाला एक जोडून नीट पुढे जातो का, तिसरा शब्द, चौथा व्याकरण. आणि पूर्णपणे पाठ केलेलं उत्तर ओळखलं गेलं तर त्याला निकषांत शून्य बँड लिहिलेला आहे, हे त्या झेरॉक्सवाल्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. स्पीकिंगलाही तेच, तुम्ही पाठ केलेलं धडाधड म्हणताय असं वाटलं की परीक्षक मध्येच दुसरा प्रश्न विचारतो, आणि मग पाठांतरावर उभा असलेला माणूस अडखळतो.

जड शब्दांचंही तसंच, शब्दसंपत्ती म्हणजे अवघड शब्द असं आपल्या डोक्यात कुणीतरी भरवून दिलंय. तिथे बघतात की शब्द जागेवर बसतोय का, कुठल्या शब्दासोबत कुठला शब्द जातो हे तुम्हाला कळतं का. तुम्ही साधं म्हणलं की वयस्कर लोकांना एकटं वाटतं म्हणून ते आजारी पडतात, आणि ते स्वच्छ वाक्यात, बरोबर व्याकरणात लिहिलं, तर ते त्या उसन्या जड शब्दांपेक्षा कितीतरी जास्त मार्क आणतं, कारण उसना शब्द बहुतेक वेळा थोडासा चुकीच्या जागी बसतो आणि तो लगेच डोळ्यात येतो.

दुसऱ्या वेळी मी काय केलं तर प्रश्न आधी दोन-तीन वेळा वाचायचा, नेमकं काय विचारलंय त्याला पेन्सिलने गोल करायचा, पाच मिनिटं नुसता विचार, मग लिहायला सुरुवात. उदाहरणं माझी स्वतःची घेतली, वॉर्डातली, गावातली. ६.५ आले. शब्द २७० च्या आत होते.

लांब लिहायचं म्हणाल तर पहिल्या टास्कला किमान १५० आणि दुसऱ्याला किमान २५० शब्द, त्याच्या खाली जाऊ नका एवढंच. दुसऱ्या टास्कचं वजन पहिल्याच्या दुप्पट आहे, आणि तरी बहुतेक मुली पहिल्या टास्कमधल्या ग्राफवर अर्धा तास घालवतात. वीस मिनिटं झाली की ग्राफ सोडा.

रीडिंगचा कीवर्डवाला सल्ला अर्धवट खरा म्हणून जास्त फसवतो. उत्तर शोधायला नाव, साल, आकडा उपयोगी पडतो, पण पेपर काढणारे मुद्दाम शब्द बदलतात, प्रश्नात एक शब्द आणि पॅसेजमध्ये त्याच अर्थाचा दुसरा. आणि ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन यांतून एक निवडायच्या प्रश्नांना तर कीवर्ड सापडला तरी उत्तर सापडत नाही. समजा पॅसेज म्हणतो हॉस्पिटल १९६० साली बांधलं. प्रश्नात १९७० दिलंय तर फॉल्स, कारण पॅसेज उलट सांगतो. प्रश्नात सरकारने बांधलं असं दिलंय आणि पॅसेज त्याबद्दल गप्प आहे तर नॉट गिव्हन, तुम्हाला स्वतःला माहीत असलं तरी नॉट गिव्हन. हा एवढा फरक डोक्यात बसला की चार-पाच मार्क तिथेच वाढतात. आणि एकही जागा कोरी सोडू नका.

मताचं एका ओळीत, तुमचं मत काय आहे याला मार्क नाहीत, ते स्पष्ट मांडून त्याला आधार दिलाय का याला आहेत.

आयडीपी की ब्रिटिश कौन्सिल, हा वादच भारतात आता उरलेला नाही. २०२१ मध्ये आयडीपीने ब्रिटिश कौन्सिलचं भारतातलं आयईएलटीएसचं काम विकत घेतलं, तेव्हापासून इथे परीक्षा आयडीपीच घेते. आणि पहिल्यापासून पेपर आणि तपासायचे निकष दोघांचे एकच होते. जो फॉरवर्ड इतकं जुनं सांगतोय तो किती वर्षांपासून फिरतोय याचा विचार करा.

आणि ती गॅरंटी. परीक्षेची फी सतरा हजारांच्या पुढे गेलीय, आमच्याकडच्या प्रायव्हेट हॉस्पिटलातल्या नर्सचा तो महिन्याभराचा पगार असतो, कधी त्याहून जास्त. त्यावर हे लोक वेगळे पैसे मागतात. काही जण तर थेट बँड विकत देतो म्हणतात. २०२२ मध्ये गुजरातची काही मुलं कॅनडातून अमेरिकेत बोटीने घुसताना पकडली गेली, कागदावर आयईएलटीएसचे चांगले बँड आणि कोर्टात जजसमोर इंग्रजीत बोलता येईना, मग मेहसाणा पोलिसांनी तपास सुरू केला. त्या वाटेने गेलेल्याचं करिअर संपतं. आणि समजा पकडलं नाही तरी, रात्री तीन वाजता पेशंट छातीत कसं दुखतंय ते सांगतोय आणि तुम्हाला कळत नाहीये, तेव्हा काय करणार?

खऱ्या सोयी आहेत, त्या वापरा. कॉम्प्युटरवर परीक्षा दिली असेल तर एकच भाग परत देता येतो, ६० दिवसांच्या आत, माझ्या वेळी हे नव्हतं. मात्र तो निकाल सगळेच स्वीकारत नाहीत, म्हणून जिथे अर्ज करताय त्यांना आधी विचारा. मार्क चुकीचे वाटत असतील तर सहा आठवड्यांत फेरतपासणी मागता येते, बँड वाढला तर ती फी परत मिळते. निकाल दोन वर्षं चालतो, म्हणून कागदपत्रं तयार नसताना घाईत देऊ नका. नर्सेसना ओईटीचा पर्यायही आहे, एनएमसी तीही घेते, त्यातले पेपर हॉस्पिटलच्याच विषयांवर असतात त्यामुळे काहींना ती जवळची वाटते.

उदगीरच्या त्या मुलीला मी काल फोन केला. तिला म्हणलं फॉरवर्ड डिलीट कर आणि मला तुझा शेवटचा निबंध पाठव. तिने ड्युटीवरून आल्यावर सकाळी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. २६३ शब्द, प्रश्नाचे दोन्ही भाग आलेले, चार ठिकाणी द राहिलेला आणि दोन ठिकाणी एस. लाल गोल करून परत पाठवलाय, आता गुरुवारी पुढचा येईल.