नवी मुंबई बाजाराने वसवली म्हणे!

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: सगळे देश विकासाची एकच शिडी चढतात, पाश्चात्त्य वर पोचले, आपण खालीच. कारण आपण नशिबावर भरवसा ठेवून बसलो, हे जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध केलंय. पुरावा म्हणून आपलीच नवी मुंबई: ओसाड दलदलीत बाजाराने शहर उभं केलं, गावठाणातले मात्र जमिनीचे पैसे उडवून आहेत तिथेच राहिले. शिकलेसवरलेले लोक हे पुढे ढकलतायत, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

शिडी अमेरिकन अर्थतज्ज्ञ वॉल्ट रोस्टोव्ह यांची, 1960 सालची. पारंपरिक समाजापासून भरघोस उपभोगापर्यंत पाच टप्पे. वर पोचलेल्यांनी चढताना काय केलं, हे मात्र मेसेजमध्ये नाही. इंग्लंडने 1700 आणि 1721 साली कायदे करून भारतातल्या छापील सुती कापडाला आपल्या देशात अटकाव केला. खुल्या व्यापाराचे धडे नंतरचे. दक्षिण कोरियाने आधी जमिनीचं फेरवाटप केलं, मग बँका सरकारच्या मुठीत ठेवून कर्ज कुठल्या उद्योगाला द्यायचं ते ठरवलं. आणि दादाभाई नौरोजींनी इथली संपत्ती तिकडे कशी वाहून जाते याचा हिशेब मांडला होता. तो खरा धरला तर इंग्लंड 'पुढे' आणि आपण 'मागे' हा एकाच व्यवहाराचा जमाखर्च ठरतो.

वेबरचं थोडक्यात. 1904-05 च्या निबंधात तो प्रॉटेस्टंट पंथाच्या शिकवणीतून पश्चिम युरोपात भांडवलशाहीची वृत्ती कशी रुजली ते शोधत होता. ती एकदा प्रस्थापित झाली की तिला धर्माच्या टेकूची गरज उरत नाही, हेही त्यानेच लिहिलंय. चीन मागे राहिला तेव्हा कन्फ्यूशियसचे संस्कार आड आले म्हणायचं, आणि कोरिया-तैवान पुढे गेले की त्याच संस्कारांना श्रेय द्यायचं, अशी गंमत पुढे झाली. एकच कारण नापासालाही लागू, पासालाही! संस्कृतीचा काहीच परिणाम नाही असं मी म्हणणार नाही. जातीने भांडवल, शिक्षण आणि जमीन कोणाच्या वाट्याला येणार हे ठरवलंच. पण तो वाट्याचा प्रश्न आहे, नशिबावरच्या श्रद्धेचा नव्हे.

आता 'ओसाड दलदल'. ही खारजमीन होती. भरतीचं पाणी अडवायला मातीचे बांध, बांधात उघाडी: ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जायचं, भरतीला दार बंद. आत खारं सोसणारा भात, शेजारी मिठागरं, खाडीत मासेमारी. बांध फुटला की अख्खं गाव चिखलात उतरायचं. आगरी-कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेली ही व्यवस्था मेसेजवाल्याला 'रिकामी' दिसते.

आणि बाजार? नवी मुंबई वसवणारी सिडको ही 1970 सालची सरकारी कंपनी. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी सरकारने घेतल्या, त्या 1894 च्या इंग्रजी कायद्याने. विकणाऱ्याला 'नाही' म्हणायची सोय नसेल तर त्याला बाजार कसं म्हणायचं? आपल्यातल्या बहुतेकांच्या इमारतीही सिडकोने 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेल्या भूखंडांवर आहेत. ट्रान्सफरच्या वेळी सिडकोची एनओसी काढताना हे बरोबर आठवतं.

राहिला पैसे उडवण्याचा आरोप. उडवले काहींनी, खोटं कशाला बोला. पण मोबदला रोख आणि तुटपुंजा होता. वाढत्या शहरात हिस्सा नव्हता. भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, 1984 च्या जानेवारीत उरण भागातल्या गोळीबारात पाच जण गेले, त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. भूखंड हातात यायला इतकी वर्षं लागली की अनेकांनी गरजेपायी 'फाईल'च, म्हणजे भूखंड मिळण्याआधीच त्यावरचा हक्क, विकून टाकली. इमारतीचा नफा बिल्डरला. कुटुंबं वाढली, गावठाणाची हद्द त्या मानाने वाढली नाही, म्हणून गरजेपोटीची घरं उभी राहिली. ती अनधिकृत, म्हणून बँक त्यांच्यावर कर्ज देत नाही. ज्याच्या घराला कागद नाही त्याने भांडवल उभं करायचं कशावर? तरी घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे गावात मजल्यावर मजला चढवून खोल्या भाड्याने दिल्या जातात. एपीएमसीच्या घाऊक बाजारातला माथाडी आणि महापेच्या कंपन्यांत नव्याने लागलेला पोरगा, दोघांनाही परवडणारी खोली तिथेच मिळते, आणि त्या भाड्यावर घरमालकाच्या मुलांची कॉलेजची फी भरली जाते.