उंदरांना किती दिवस खाऊ घातले, हा प्रश्न नंतरचा

जनुकीय सुधारित (जीएम) पिकांचा विषय निघाला की दोन तट लगेच पडतात. एका बाजूला ‘इतकी वर्षे लोक खात आहेत, कुणाला काय झाले?’ असे विचारणारे असतात, तर दुसऱ्या बाजूला ‘उंदरांना आयुष्यभर खाऊ घालून कुणी पाहिले आहे का?’ असे विचारणारे. पहिला युक्तिवाद मला लंगडा वाटतो, कारण कोणी काय आणि किती खाल्ले याची नोंदच नसेल, तर ‘काही झाले नाही’ या विधानाला फारसे वजन राहत नाही. दुसरा अधिक पटण्यासारखा आहे, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल सविस्तर लिहायला हवे. माझे मत असे की, उंदरांच्या चाचणीवर सगळा भर दिल्याने मूल्यमापनातल्या खऱ्या कळीच्या जागांकडे आपले दुर्लक्ष होते.

मुळात ‘जीएम अन्न सुरक्षित आहे का?’ या सरसकट प्रश्नाला उत्तर नाही. अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने २००३ मध्ये मान्य केलेली तत्त्वे सांगतात की मूल्यमापन प्रत्येक पिकाचे, त्यातल्या प्रत्येक बदलाचे वेगवेगळे करायचे. त्यासाठी ते पीक त्याच्या जवळात जवळच्या, बदल न केलेल्या वाणाशेजारी अनेक ठिकाणी पिकवून दोघांची घटकनिहाय तुलना केली जाते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरण यासाठी किमान ८ ठिकाणे आणि सोबतीला बाजारातले किमान ६ नेहमीचे वाण मागते. हे जादा वाण कशाला, असे वाटू शकते. पण एकाच पिकाच्या दोन साध्या वाणांतही बराच फरक असतो, आणि तो किती असतो हे ठाऊक असल्याशिवाय आढळलेल्या फरकाचा अर्थ लावता येत नाही. सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन-रोधक आणि लेक्टिन, बटाट्यात ग्लायकोअल्कलॉइड, मोहरीवर्गीय पिकांत ग्लुकोसिनोलेट आणि इरुसिक आम्ल, अशी पिकाची स्वतःची उपद्रवी द्रव्येही यात मोजली जातात. ही द्रव्ये वाढवण्यासाठी प्रयोगशाळेतले जनुक लागतेच असे नाही. अमेरिकेत १९६७ मध्ये आलेला ‘लेनापे’ बटाटा साध्या संकरातून तयार झाला होता. त्यात ग्लायकोअल्कलॉइडचे प्रमाण घातक ठरण्याइतके आढळल्याने १९७० मध्ये तो मागे घ्यावा लागला.

घातलेल्या जनुकामुळे पिकात बनणाऱ्या नव्या प्रथिनाची तपासणी हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि चर्चेत नेमका तोच येत नाही. प्रथिनाच्या अमिनो आम्लांचा क्रम आधी माहीत असलेल्या ॲलर्जीकारक प्रथिनांशी ताडून पाहतात. ८० अमिनो आम्लांच्या पट्ट्यात ३५ टक्क्यांहून अधिक साम्य निघाले तर पुढची चौकशी सुरू होते. मग ते प्रथिन पेप्सिन हे पाचक द्रव्य घातलेल्या कृत्रिम जठररसात, शरीराच्या तापमानाला ठेवतात, ठरावीक वेळांनी नमुने काढतात आणि प्रथिने वेगळी करणाऱ्या जेलच्या थरावर त्याची रेघ किती लवकर पुसट होते ते पाहतात. अर्ध्या मिनिटात नाहीशी होणारी रेघ आणि तासाभरानंतरही ठळक राहणारी रेघ यांत फार मोठा फरक आहे, कारण अन्नातून ॲलर्जी देणारी अनेक प्रथिने पचनाला दाद देत नाहीत. या चाचणीने सगळे कळते असे मात्र नाही; ती पुराव्यातला एक धागा आहे.

या तपासणीने प्रत्यक्षात काय पकडले, हेही पाहावे. एका अमेरिकी बियाणे कंपनीने सोयाबीनमधील मेथिओनिन हे अमिनो आम्ल वाढवण्यासाठी ब्राझील नटातले एक जनुक त्यात घातले होते, आणि तेही मुख्यतः पशुखाद्यासाठी. ब्राझील नटाची ॲलर्जी असलेल्या ९ जणांच्या रक्तद्रवाशी ते सोयाबीन तपासले, तेव्हा ८ जणांच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडे नव्या प्रथिनाला चिकटली. हे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते सोयाबीन बाजारात आलेच नाही. ९ जणांच्या रक्ताने जे सांगितले, ते शेकडो उंदरांनी सांगितले नसते.

इथे एक खाच आहे. वनस्पतीत नवे प्रथिन इतके थोडे बनते की चाचणीसाठी ते बहुधा जिवाणूंकडून बनवून घेतात. मग जिवाणूतले आणि पिकातले प्रथिन खरोखर एकसारखे आहे, हे आधी सिद्ध करावे लागते. कारण क्रम तोच असला तरी त्याला जोडलेल्या शर्करा बदलू शकतात. ऑस्ट्रेलियात घेवड्याचे एक प्रथिन वाटाण्यात घातले, तेव्हा शर्करांची जोडणी किंचित बदलली, उंदरांमध्ये रोगप्रतिकारक प्रतिसाद दिसला आणि २००५ मध्ये ते काम थांबले. पुढे २०१३ मधील अभ्यासात साधा घेवडा आणि साधा वाटाणा खाल्लेल्या उंदरांनीही तसाच प्रतिसाद दिला. हे उदाहरण दोन्ही तट आपापल्या सोयीने अर्धेच सांगतात.

आता उंदरांविषयी. एखाद्या रसायनाची चाचणी घेताना प्राण्याला माणसाच्या अपेक्षित सेवनाच्या शंभर पट किंवा अधिक मात्रा देता येते. मक्याच्या बाबतीत ते अशक्य आहे. मका उंदराच्या आहाराच्या सुमारे एक तृतीयांशाच्या फार पुढे नेला, तर आहाराचाच तोल बिघडतो आणि दिसलेला परिणाम कशाचा, ते सांगता येत नाही. जीएम मका खाल्लेल्या उंदरांना गाठी आल्याचा दावा करणाऱ्या, फ्रेंच संशोधक जिल-एरिक सेरालिनी यांच्या २०१२ च्या शोधनिबंधात प्रत्येक गटात १० उंदीर होते, आणि तेही वय वाढले की आपोआप गाठी येणाऱ्या जातीचे. कर्करोगाच्या चाचणीसाठी ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेच्या मार्गदर्शिकेत प्रत्येक गटात प्रत्येक लिंगाचे किमान ५० प्राणी सांगितले आहेत. तो निबंध २०१३ मध्ये मागे घेतला गेला, २०१४ मध्ये दुसरीकडे पुन्हा छापला गेला, आणि त्यातली गाठी आलेल्या उंदरांची छायाचित्रे आजही फिरतात. युरोपीय संघाने २०१३ मध्ये उंदरांना ९० दिवस खाऊ घालण्याची चाचणी सक्तीची केली. त्यानंतर सार्वजनिक पैशांतून सेरालिनी यांनी वापरलेल्या मक्यावर दोन वर्षांपर्यंतचे अभ्यास झाले, आणि त्यांत अपाय आढळला नाही. आधीच्या तपासणीतून नेमकी शंका निघाली असेल तर खाऊ घालण्याचा प्रयोग जरूर करावा. शंकेवाचून तो करणे म्हणजे प्राणी आणि पैसा दोन्ही वाया घालवणे.

पशुखाद्याला मात्र दुय्यम मानण्याची सवय सोडली पाहिजे. सोयाबीनचे तेल माणसाकडे जाते, त्यात प्रथिन जवळजवळ उरत नाही. प्रथिन सगळे पेंडीत राहते, आणि जनावर तीच पेंड रोज खाते. म्हणजे नव्या प्रथिनाशी जास्त संबंध जनावराचाच येतो. शिवाय ‘हे फक्त जनावरांसाठी’ अशी परवानगी व्यवहारात टिकत नाही. स्टारलिंक या जीएम मक्यातले क्राय९सी हे कीडनाशक प्रथिन सहज पचत नसल्याने अमेरिकेने १९९८ मध्ये त्याला केवळ पशुखाद्य आणि औद्योगिक वापरासाठी मान्यता दिली होती. सप्टेंबर २००० मध्ये तो माणसांच्या खाद्यपदार्थांत सापडला. एकाच गोदामात, एकाच वॅगनमध्ये जाणारा दाणा कोणाच्या ताटासाठी आहे, हे त्याच्यावर लिहिलेले नसते. त्रास झाल्याची तक्रार केलेल्यांपैकी १७ जणांच्या रक्ताच्या तपासणीत क्राय९सीची ॲलर्जी दिसली नाही, तरी अशी दुभंगलेली परवानगी यापुढे देणार नाही, असे तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००१ मध्ये जाहीर केले. हा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो.

अविश्वासाचे खरे कारण वेगळे आहे, आणि तिथे टीकाकारांची बाजू मला मान्य आहे. चाचण्या अर्जदार कंपनीच करते किंवा करवून घेते. मॉन ८६३ या जीएम मक्याच्या ९० दिवसांच्या चाचणीची मूळ माहिती उघड होण्यासाठी २००५ मध्ये जर्मनीतल्या न्यायालयाला आदेश द्यावा लागला होता. मार्च २०२१ पासून युरोपीय संघात अर्जदाराने अभ्यास सुरू करण्याआधीच त्याची नोंद करायची असते, त्यामुळे नकोसा निकाल गुपचूप दडवणे अवघड झाले आहे. उंदरांचे दिवस वाढवून मागण्यापेक्षा हीच अट सर्व देशांत लागू करा आणि प्रत्येक प्राण्याचे, प्रत्येक शेताचे आकडे संगणकावर पुन्हा तपासता येतील अशा स्वरूपात द्या, अशी मागणी मी करेन.