हसरा आवाज आणि कलम ६०

आज ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावर एकेक छोटा आरसा आला. तळहाताएवढा, मागे चिकटपट्टी, खाली पिवळा हसरा चेहरा. तो मॉनिटरच्या कडेला लावायचा आणि फोनवर बोलताना त्यात बघून हसत राहायचं, कारण हसू म्हणे समोरच्याला आवाजातून ऐकू येतं. ट्रेनिंग घ्यायला आलेल्या मुलीनं शेवटी सांगितलं, "कामावर प्रेम करा, मग ते काम वाटणारच नाही." टाळ्या पडल्या. मी हात खालीच ठेवले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी बडोद्यात, अलकापुरीत एका खासगी बँकेच्या कर्जवसुलीत फोनवर बसते. हप्ता परत गेला की पहिला फोन आमचा. "बेन, पगार नथी थयो" हे दिवसभर ऐकायचं आणि समोरच्याकडून भरायची तारीख काढून घ्यायची. ऑफिसात तिला पीटीपी म्हणतात, प्रॉमिस टू पे. हे काम मला आवडत नाही. घरी सगळ्यांना ठाऊक आहे, आज तुम्हालाही सांगितलं. तरी मी रोज ठरल्या वेळी जाते, तोंड पाडून बसत नाही आणि बहुतेक दिवस खुशीत घरी येते. ही खुशी कामावरच्या प्रेमातून येत नाही. ती कुठून येते, हे मी माझ्या बाबांकडे बघून शिकले.

बाबा कोर्टात बेलिफ होते. तेव्हा कोर्ट न्यायमंदिराच्या इमारतीत भरायचं, आता दिवाळीपुऱ्याला गेलंय. समन्स बजावायचं आणि दरखास्तीत, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या अर्जात, जप्तीचं वॉरंट निघालं की लोकांच्या घरातलं सामान उचलायचं, हे त्यांचं काम. दांडिया बाजारात आमच्या गणपतीच्या मांडवात बाबा आले की एक गृहस्थ उठून निघून जायचे, कारण त्यांच्या भावाच्या घरी कधीतरी बाबांनी समन्स नेलं होतं. आरतीचं ताट हातात असलेल्या माणसाकडे पाठ फिरवून. बाबांना ती नोकरी आवडली असेल का? एक दिवस नाही. पण आमच्या घरात रडगाणं कधी ऐकलं नाही.

नवापुऱ्यातल्या एका शिंप्याकडची जप्ती त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली आहे की ती खोली मी पाहिल्यासारखी वाटते. बरोबर डिक्रीदाराचा, म्हणजे ज्याच्या बाजूनं निकाल लागला त्याचा, माणूस होता. आत शिरल्या शिरल्या त्यानं शिलाई मशीनच्या चाकावर हात ठेवला. मशीनखाली अर्धा शिवलेला ब्लाऊज, सुई कापडात रुतलेली. बाबा म्हणाले, हात काढा. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८, कलम ६०. कारागिराची अवजारं जप्त करता येत नाहीत. नेसूचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, बाईचं मंगळसूत्र, यांनाही हात लावायचा नाही. तो माणूस तावातावानं भांडला, साहेबांपर्यंत जाईन म्हणाला. बाबांनी तिथंच फरशीवर बसून पंचनामा लिहिला. लोखंडी कपाट एक, टेबलफॅन एक.

कपाट आणि पंखा उचललाच. वॉरंट होतं, न उचलून चालणार नव्हतं. पण त्या संध्याकाळी बाबा मांडवीवरून लीलो चिवडो घेऊन आले आणि आई सांगते, रात्री जेवताना गाणं गुणगुणत होते.

आता मला सांगा, त्या दारात बाबा हसले असते तर? आपलं कपाट बाहेर जाताना बघणाऱ्या शिंप्यासमोर दात काढून उभा राहिलेला बेलिफ! त्यानं बाबांना आयुष्यभर शिव्या दिल्या असत्या आणि त्या बरोबर असत्या. मग ज्याचा पगार झाला नाही, ज्याची बायको सयाजी हॉस्पिटलमध्ये आहे, त्याच्याशी मी आरशात बघून हसत बोलायचं? कुणी शोधून काढलं हे? माझी वेळ पगारात गेली, माझा आवाज गेला. चेहराही हवा तुम्हाला?

चिडून बोललं तर समोरचा बिथरतो, हे कबूल आहे. शांतच बोलावं लागतं. पण शांत बोलायला मला आरसा लागत नाही, समोरच्याचं ऐकून घेतलं की पुरतं.

माझंही एक कलम ६० आहे. रिझर्व्ह बँकेनं १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात घालून दिलेला नियम आहे, थकलेल्या कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. यादीत कितीही नावं उरलेली असोत, सात वाजले की मी हेडसेट काढून ठेवते. दुसरं म्हणजे तारीख. कितीतरी लोकांचा पगार दहाला होतो आणि हप्ता पाचला कापला जातो. पैसे येणार असतात, तरी दर महिन्याला नॅच, म्हणजे खात्यातून आपोआप हप्ता कापण्याची सूचना, परत जातं आणि वर दंड बसतो. मी त्यांना सांगते, शाखेत अर्ज द्या, हप्त्याची तारीख पुढे करून मागा. बऱ्याचदा मिळते. पुढच्या महिन्यात ते नाव माझ्या यादीत येत नाही. त्या न आलेल्या नावाचा मला जो आनंद होतो ना, तो खराखुरा आहे.

ट्रेनिंगवाल्या मुलीवर माझा राग नाही. दुपारी पँट्रीत एकटीच डबा खात होती. मला म्हणाली, "ताई, तुम्हाला आवडलं नाही ना?" हेच भाषण तिला दिवसात दोन-तीन ऑफिसांत करावं लागतं म्हणे. गाल दुखतात म्हणाली. मी तिला माझ्या डब्यातली थालीपीठं दिली, आणि मग आम्ही तिच्या गावाबद्दल बोलत बसलो.

राग आहे तो "आवडत नाही तर सोड ना" म्हणणाऱ्यांचा. तुमच्यापैकीही दोघी-तिघी म्हणतात. मांजलपूरच्या फ्लॅटचा हप्ता आहे, मुलाची फी आहे, बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन व्हायचंय. संधी मिळाली तर सोडेनही. पण बाबांनी त्या दिवशी तिरीमिरीत नोकरी सोडली असती, तर दुसऱ्या दिवशी त्या शिंप्याच्या दारात दुसरा कुणीतरी बेलिफ गेला असता. त्याला कलम ६० पाठ असतं का, आणि असतं तरी त्या माणसाला त्यानं "हात काढा" म्हटलं असतं का?

बाबांना मघाशी हे सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "तारखेचं लोकांना नीट सांगतेस ना? अर्जाची पोच घ्यायला सांगत जा."

तर तेही इथं लिहिते. तुमच्यापैकी कुणाचा हप्ता थकला असेल तर फोन टाळू नका, ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक कर्ज, होतं आणि मग सगळंच अवघड होतं. त्याआधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सातनंतर फोन आला तर वेळ लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पैसे लागत नाहीत. अर्ज कसा लिहायचा ते मी सांगते. इथं कमेंटमध्ये नको, मेसेज करा. सातनंतर मी मोकळीच असते.